गीझरचे पाणी तापेनासे झाले तर... दोष कोठे शोधावा, हात कोठे आवरावा

जयनगर (बेंगळुरू), विशेष लेख : गीझरचे बटण दाबले, दिवा लागला, अर्धा तास लोटला, तरीही नळातून गारच पाणी आले. थंडीच्या दिवसांत अनेक घरांत ऐकू येणारी ही तक्रार बहुधा साध्या कारणाने उद्भवते. प्लगमधील सैल जोड, जळालेले एलिमेंट, क्षारांचा थर किंवा सुरक्षेसाठी आपणहून बंद पडलेला कटआउट यांपैकी एखादे कारण तिच्या मुळाशी सापडते. मात्र कारण न शोधता ‘थर्मोस्टॅट डायरेक्ट करून’ पाणी तापवण्याचा झटपट इलाज जिवावर बेतू शकतो. म्हणूनच रहिवाशाने स्वतः काय पाहावे, कारागिराकडे काय सोपवावे आणि कोणत्या दुरुस्तीला ठाम नकार द्यावा, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर वसले आहे. जानेवारीत येथील किमान तापमान सरासरी १६ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. १३ जानेवारी १८८४ रोजी ते ७.८ अंशांपर्यंत उतरल्याची नोंद आहे. कडाक्याची थंडी येथे क्वचितच पडते, पण सकाळी स्नानाला ऊन पाणी लागते. महाराष्ट्रातील घरांत तांब्याचा बंब आणि कर्नाटकातील न्हाणीघरात ‘हंडे’ हे काम करीत असे. दिवाळीत नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी हा हंडा घासून पाण्याने भरण्याचा ‘नीरु तुंबुव हब्ब’ कन्नड घरांत आजही पाळला जातो. १९४८ साली पायाभरणी झालेल्या जयनगरसारख्या नियोजित वसाहतीत बंब आणि हंड्याची जागा आता गीझरने आणि गच्चीवरील सौर बंबाने घेतली आहे. चुलीतील जाळ डोळ्यांना दिसत असे. गीझरमधील दोष मात्र पत्र्याच्या आवरणाआड दडलेला असतो.

आधी वेळेचा हिशेब

गीझर बिघडला असे ठरवण्यापूर्वी त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवणे योग्य आहे, हे पाहावे. एक लिटर पाण्याचे तापमान एका अंशाने वाढवण्यासाठी सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता लागते. टाकीत येणारे पाणी २० अंशांचे धरले, तर १५ लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापवण्यासाठी सुमारे ०.७ युनिट वीज खर्च होते. दोन किलोवॅटच्या एलिमेंटला त्यासाठी साधारण २१ मिनिटे लागतात. २५ लिटरच्या टाकीला हाच वेळ सुमारे ३५ मिनिटे होतो. दहा मिनिटांनी नळ उघडून ‘पाणी कोमटच आहे’ असे म्हणणे म्हणूनच गीझरवर अन्याय करणारे आहे.

हे १५ लिटर गरम पाणी थंड पाण्यात मिसळून ४० अंशांवर आणले, तर एकूण ३० लिटर पाणी मिळते, म्हणजे साधारण दोन बादल्या. शॉवरमधून मिनिटाला ८ लिटर पाणी वाहत असेल, तर हा साठा चार मिनिटांतच संपतो. लागोपाठ तिसऱ्या माणसाच्या वाट्याला गार पाणी आले, तर त्याला बिघाड म्हणता येत नाही.

विद्युतदाबाचाही परिणाम लक्षणीय असतो. एलिमेंटची शक्ती विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टऐवजी २०० व्होल्ट मिळाले, तर शक्ती जवळपास २४ टक्क्यांनी घटते आणि २१ मिनिटांचे काम २८ मिनिटांवर जाते. सकाळीच पाणी उशिरा तापते आणि दुपारी वेळेवर तापते, असा अनुभव येत असेल, तर गीझर उघडण्यापूर्वी घरातील विद्युतदाब तपासून घ्यावा.

शॉवरच्या तोटीतच पाणी तापवणारी उपकरणे ब्राझील आणि ब्रिटनमध्ये सर्रास वापरली जातात. ब्रिटनमधील अशी यंत्रे सात ते दहा किलोवॅटची असतात आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र जाड केबल टाकलेली असते. भारतीय घरांतील १६ अँपिअरच्या सॉकेटमधून २३० व्होल्टवर जास्तीत जास्त ३.७ किलोवॅटच्या आसपास शक्ती घेता येते. त्यामुळे आपल्याकडील ‘इन्स्टंट’ गीझर बहुधा तीन किलोवॅटचे असतात. त्यांच्यातून मिनिटाला तीन लिटर पाणी सतत वाहू दिले, तर तापमान केवळ १४ अंशांनी वाढते. २० अंशांचे पाणी ३४ अंशांवर येते. नळ थोडा बारीक केला की पाणी अधिक गरम लागते. तसे होत असेल, तर यंत्र धडधाकट आहे.

पाणी तापते, पण नळाला येत नाही

टाकीतील पाणी तापलेले असूनही तोटीतून कोमट पाणी येणे, हा प्रकार वरकरणी गीझरचा बिघाड वाटतो. प्रत्यक्षात तेथे नळजोडणीत दोष असतो. गरम आणि थंड पाणी एकत्र करणाऱ्या मिक्सर नळातील रबरी वायसर किंवा आतील कार्ट्रिज झिजले की थंड पाणी गरम वाहिनीत शिरते.

याची परीक्षा घरच्या घरी करता येते. प्रथम गीझरचा वीजपुरवठा बंद करावा. नंतर गीझरमध्ये थंड पाणी सोडणारी चावी बंद करून गरम पाण्याचा एकच नळ उघडावा. वाहिनीतील थोडे पाणी निघून गेल्यावर धार थांबायला हवी. धार चालूच राहिली, तर कोठल्या तरी मिक्सरमधून थंड पाणी गरम वाहिनीत येत आहे, हे निश्चित होते. अशा वेळी वायरमनऐवजी प्लंबरला बोलवावे. परीक्षा संपल्यावर चावी पुन्हा उघडून, नळातून पाण्याची सलग धार येऊ लागल्यानंतरच वीज सुरू करावी. टाकी रिकामी असताना एलिमेंट चालू झाले, तर ते काही मिनिटांतच जळू शकते.

सौर बंब असलेल्या घरांत आणखी एक शक्यता असते. गच्चीपासून न्हाणीघरापर्यंतच्या लांब वाहिनीत रात्रभर साचलेले पाणी गार झालेले असते. ते वाहून गेल्याखेरीज गरम पाणी येत नाही. इमारतींवर सौर जलतापक बसवण्याची सक्ती कर्नाटकाने २००७ पासून केली असल्याने बेंगळुरूच्या गच्च्यांवर ही यंत्रे मोठ्या संख्येने दिसतात. पावसाळी ढगाळ दिवसांसाठी त्यांच्या टाकीत पूरक विद्युत एलिमेंट बसवलेले असते. वर्षातील बराच काळ ते वापरात नसते आणि नेमके गरजेच्या दिवशी ते बंद पडल्याचे लक्षात येते. पावसाळ्यापूर्वी एकदा ते चालवून पाहणे हिताचे ठरते.

वीज गीझरपर्यंत पोहोचते का

नळजोडणी निर्दोष ठरली, तर पुढचा शोध विजेचा. वितरण पेटीतील गीझरचा एमसीबी खाली पडला आहे का, हे प्रथम पाहावे. तो पडला असेल, तर एकदाच वर करावा. तो लगेच पुन्हा पडला, तर तिसऱ्यांदा प्रयत्न करू नये. आत कोठे तरी शॉर्टसर्किट झाले आहे, असे समजावे.

एमसीबी व्यवस्थित असेल, तर बटण बंद करून, हात व पाय कोरडे असताना प्लग बाहेर काढून पाहावा. तीन किलोवॅटच्या गीझरमधून सुमारे १३ अँपिअर प्रवाह वाहतो. एवढा प्रवाह रोज अर्धा तास वाहिला की सैल जोड तापतो, पिना काळवंडतात आणि सॉकेटचे प्लास्टिक तपकिरी पडते. जळका वास किंवा असे डाग दिसले, तर प्लग आणि सॉकेट दोन्ही बदलून घ्यावेत. केवळ प्लग बदलल्यास सॉकेटमधील सैल पट्ट्या नव्या प्लगचीही तीच गत करतात.

येथे टेस्टरवर फार विसंबू नये. टेस्टरचा दिवा लागला म्हणजे फेज आहे, एवढेच कळते. न्यूट्रलची तार तुटलेली असेल, तरीही टेस्टर उजळतो. मात्र परिपथ पूर्ण न झाल्यामुळे पाणी तापत नाही. ‘वीज येते आहे, म्हणजे गीझरच खराब आहे’ हा निष्कर्ष म्हणूनच अनेकदा चुकतो. फेज आणि न्यूट्रल यांच्यातील विद्युतदाब मल्टिमीटरने मोजणे, हीच खरी तपासणी होय. ती प्रशिक्षित वायरमनने करावी. संपूर्ण घराचाच पुरवठा मंद किंवा खंडित असेल, तर वीज वितरण कंपनीच्या १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

दिवे काय सांगतात

टाकीच्या गीझरमध्ये तीन भाग एका ओळीत जोडलेले असतात: ठरावीक तापमानाला वीज तोडणारा थर्मोस्टॅट, तो निकामी झाल्यास वीज तोडणारा कटआउट आणि प्रत्यक्ष पाणी तापवणारे एलिमेंट. यांपैकी एकानेही प्रवाह अडवला की पाणी गार राहते.

अनेक गीझरवर दोन दिवे असतात. एक वीज आल्याचे आणि दुसरा पाणी तापत असल्याचे दर्शवतो. दोन्ही विझलेले असतील, तर दोष बहुधा पुरवठ्यात असतो. पहिला लागतो, दुसरा लागत नाही आणि पाणीही गार आहे, अशा वेळी थर्मोस्टॅट किंवा कटआउटकडे संशय वळतो. दोन्ही लागतात तरीही पाणी तापत नाही, तेव्हा एलिमेंट तुटले असण्याची शक्यता मोठी असते. दुसरा दिवा बहुतेक रचनांमध्ये एलिमेंटला समांतर जोडलेला असल्यामुळे एलिमेंट जळाले तरी तो उजळत राहतो. एकच दिवा असलेल्या गीझरमध्ये मात्र एवढा भेद करता येत नाही.

याची खातरजमा वायरमन वीज बंद करून आणि तारा सोडवून रोध मोजून करतो. दोन किलोवॅटच्या एलिमेंटचा रोध सुमारे २६ ओहम आणि तीन किलोवॅटचा सुमारे १८ ओहम असतो. मल्टिमीटर अनंत रोध दाखवू लागला, तर आतील तार तुटली आहे. याउलट एलिमेंटची टोके आणि त्याचे धातूचे आवरण यांच्यातील रोध अतिशय मोठा असावा लागतो. तो घटला असेल, तर वीज पाण्यात उतरण्याचा धोका आहे. ही दुसरी मोजणी जीवरक्षक असूनही दुरुस्तीच्या घाईत ती पुष्कळदा गाळली जाते. एलिमेंट बदलणाऱ्या कारागिराकडे ग्राहकाने तिचा आग्रह धरावा.

कावेरी, कूपनलिका आणि पांढरा थर

बेंगळुरूच्या संसाराशी कावेरी दोन वाटांनी जोडलेली आहे. तिच्या शिवनसमुद्र धबधब्यावरील वीजकेंद्र १९०२ मध्ये सुरू झाले आणि १९०५ मध्ये तेथील विजेने शहरातील रस्त्यांवर दिवे लागले. तिचे पाणी नळाने शहरात येण्यास मात्र १९७४ उजाडले. त्या वर्षी कावेरी पाणीपुरवठा योजनेचा पहिला टप्पा कार्यान्वित झाला. सुमारे १०० किलोमीटर अंतरावरून उपसून आणलेल्या या पाण्याच्या योजनेचा पाचवा टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला.

जयनगर जुन्या वसाहतींपैकी असल्याने तेथे कावेरीचे पाणी पोहोचते. तरीही नळाला पाणी कमी येते तेव्हा कूपनलिकेचे किंवा टँकरचे पाणी गच्चीवरील टाकीत मिसळले जाते. २०२४ च्या उन्हाळ्यात शहराने अनुभवलेल्या तीव्र टंचाईत टँकरवरील हे अवलंबित्व ठळकपणे समोर आले. भूगर्भातील पाणी बहुधा दुष्फेन, म्हणजे जड असते; त्यात कॅल्शिअम आणि मॅग्नेशिअमचे क्षार विरघळलेले असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार, म्हणजे आयएस १०५०० नुसार, एकूण कठीणपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह मानला जातो. दुसरा स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. आरोग्याच्या दृष्टीने चालणारे पाणी गीझरला मात्र मानवतेच असे नाही.

पाणी तापले की त्यातील कॅल्शिअम बायकार्बोनेटचे विघटन होऊन कॅल्शिअम कार्बोनेट तयार होते आणि ते सर्वांत उष्ण पृष्ठभागावर, म्हणजे एलिमेंटवर चिकटते. दररोज १०० लिटर पाणी तापवणाऱ्या घरात लिटरमागे ३०० मिलिग्रॅम क्षार असतील आणि त्यांचा केवळ विसावा हिस्सा आत साचला, तरी वर्षाला अर्ध्या किलोहून अधिक थर जमा होतो.

या थरामुळे वीज ‘वाया जाते’ असे सरसकट म्हटले जाते. ते पूर्णतः बरोबर नाही. एलिमेंट पाण्यात बुडालेले असल्याने त्याची उष्णता अखेर पाण्यातच जाते. खरे नुकसान निराळे असते. उष्णतेला बाहेर पडण्यास अडथळा झाल्यामुळे आतील तार मर्यादेपलीकडे तापते आणि अकाली तुटते. वरचे धातूचे आवरणही तडकू शकते. एलिमेंटला लागूनच थर्मोस्टॅटची नळी असते. दोघांना एकाच थराने वेढले की थर्मोस्टॅटला टाकीभर पाण्याऐवजी तापलेल्या एलिमेंटची धग जाणवते. पाणी पुरेसे तापण्याआधीच तो वीज तोडतो. पाणी कोमट येते, गीझर वारंवार चालू-बंद होतो आणि आतून खडखड किंवा उकळल्यासारखा आवाज येतो, ही या अवस्थेची लक्षणे आहेत.

जेथे कूपनलिकेचे पाणी नियमित वापरले जाते, तेथे वर्षातून एकदा टाकी रिकामी करून एलिमेंटवरील थर काढून घ्यावा. त्याच वेळी मॅग्नेशिअमचा अॅनोड दांडा तपासावा. स्वतः झिजून टाकीला गंजण्यापासून वाचवणे, हे या दांड्याचे काम असते. तो संपल्यावर गंजाची पाळी टाकीची असते. थर्मोस्टॅट कमाल अंशावर ठेवण्याऐवजी ५० ते ६० अंशांच्या दरम्यान ठेवल्यासही थर साचण्याचा वेग मंदावतो.

‘डायरेक्ट’ दुरुस्तीचा धोका

कटआउट तुटणे म्हणजे गीझरने दिलेला इशारा असतो. थर्मोस्टॅटचे संपर्क एकमेकांना चिकटून बसले आणि पाणी मर्यादेबाहेर तापू लागले की कटआउट वीज तोडतो. काही प्रकारांत तो कळ दाबून पूर्ववत करता येतो, काहींत बदलावा लागतो. तो एकदा पूर्ववत केल्यावर पुन्हा तुटत असेल, तर दोष थर्मोस्टॅटमध्ये शोधायला हवा.

सुटा भाग लगेच मिळत नाही म्हणून थर्मोस्टॅट आणि कटआउट दोन्ही वगळून तारा थेट एलिमेंटला जोडण्याची युक्ती काही ठिकाणी केली जाते. बोलीभाषेत यालाच ‘डायरेक्ट करणे’ म्हणतात. पाणी तर तापते आणि ग्राहकही समाधानी होतो. पण त्यानंतर गीझर बंद करण्याची सारी जबाबदारी माणसाच्या स्मरणशक्तीवर येते. बटण चालू राहिले, तर पाणी उकळबिंदूकडे जाते आणि बंद टाकीतील दाब वाढत राहतो. दाबाखालचे पाणी १०० अंशांपलीकडेही द्रवरूप राहते. टाकी फुटून दाब एकाएकी नाहीसा झाला की त्याचा काही भाग तत्क्षणी वाफ बनतो. एक लिटर पाण्यापासून सोळाशे लिटरहून अधिक वाफ निर्माण होते, हे ध्यानात घेतले की स्फोटाची तीव्रता समजते.

अशा प्रसंगी शेवटचा आधार म्हणजे टाकीच्या थंड पाण्याच्या तोंडाशी असलेला दाबमोचक व्हॉल्व्ह. २५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर गेले की त्याचे आकारमान जवळपास दीड टक्क्याने, म्हणजे ३५० ते ४०० मिलिलिटरने वाढते. त्यामुळे गीझर तापत असताना या व्हॉल्व्हमधून थोडे पाणी ठिबकणे स्वाभाविक आहे. ते ‘गळते’ म्हणून बूच किंवा एम-सील लावून बंद करू नये. सतत धार लागत असेल, तर व्हॉल्व्ह बदलावा.

झिणझिण्या आल्या तर

नळाला किंवा ओल्या भिंतीला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर पाणी तापते की नाही हा प्रश्नच गौण ठरतो. तत्काळ स्नानगृहाबाहेर यावे, मुख्य स्विच बंद करावा आणि दुरुस्ती होईपर्यंत गीझर वापरू नये.

येथे एमसीबी आणि आरसीसीबी यांतील भेद महत्त्वाचा आहे. एमसीबी तारांचे आणि उपकरणाचे अतिप्रवाहापासून रक्षण करतो. माणसाच्या शरीरातून वाहणारा प्राणघातक प्रवाह त्याच्या दृष्टीने नगण्य असतो. जाणाऱ्या आणि परतणाऱ्या प्रवाहात ३० मिलिअँपिअरपर्यंतचा फरक पडताच वीज तोडणारा आरसीसीबी मात्र माणसाला वाचवू शकतो. गीझर सुरू करताच आरसीसीबी पडत असेल, तर एलिमेंटमधून वीज गळत असण्याची शक्यता असते. अशा वेळी ‘हाच सारखा पडतो’ म्हणून आरसीसीबी काढून टाकणे म्हणजे पहारेकऱ्यालाच घराबाहेर काढणे होय. आरसीसीबीवरील चाचणीची कळ अधूनमधून दाबून तो पडतो याची खात्री करून घ्यावी.

जुन्या घरांत अर्थिंगची तपासणी विशेष गरजेची असते. एके काळी काही ठिकाणी अर्थिंगची तार लोखंडी जलवाहिनीलाच जोडली जाई. नूतनीकरणात वाहिन्या प्लास्टिकच्या झाल्या की जमिनीशी असलेला तो संपर्क नकळत तुटतो. सॉकेटमध्ये तिसरे छिद्र दिसते, पण त्यामागे अर्थिंग नसते. न्हाणीघराच्या फरशा आणि नळ बदलल्यानंतर अर्थिंग मोजून घेणे म्हणूनच अत्यावश्यक आहे. सर्व काही ठीक असले, तरी पाणी तापल्यावर बटण बंद करून मगच स्नान करण्याची सवय सोडू नये.

दुरुस्ती होईपर्यंत

गीझर बंद पडला की बादलीत सोडायचा रॉड बाहेर निघतो. रॉड चालू असताना पाण्यात बोट घालून ते तापले का हे पाहणे अत्यंत धोकादायक आहे. आधी बटण बंद करावे, प्लग काढावा आणि त्यानंतरच रॉड उचलावा. धातूची बादली टाळावी आणि लहान मुलांना तेथे फिरकू देऊ नये. तात्पुरता गॅस गीझर बसवायचा असेल, तर तो बंद न्हाणीघरात बसवू नये; अपुऱ्या हवेत गॅस जळताना निर्माण होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंगही नसतो आणि वासही नसतो. दोन दिवसांच्या सोयीसाठी चुलीवर किंवा शेगडीवर पातेल्यात पाणी तापवणे तुलनेने सुरक्षित आहे. मात्र उकळते पातेले उचलून नेण्याऐवजी त्यातील पाणी थोडेथोडे काढून बादलीतील थंड पाण्यात मिसळावे.

बिघाड केवळ गार पाण्याच्या रूपानेच दिसतो असे नाही. थर्मोस्टॅट वेळेवर वीज तोडत नसेल किंवा गरम पाण्याचा नळ ठिबकत असेल, तर युनिटे मुकाट्याने वाढत राहतात. २५ लिटरची टाकी दिवसातून दोनदा तापवली, तर महिन्याला सुमारे ७० युनिट वीज लागते. कर्नाटकाच्या ‘गृह ज्योती’ योजनेत २०० युनिटांच्या मर्यादेत, आधीच्या सरासरी वापराशी बांधलेली वीज मोफत मिळते. २०० युनिटांची मर्यादा ओलांडल्यास पूर्ण देयक भरावे लागते. सीमेवर असलेल्या कुटुंबाला त्यामुळे गीझरचा छोटा दोषही देयकात चांगलाच जाणवतो.

कारागिराला विचारण्याचे प्रश्न

दुरुस्तीपूर्वी गीझरची क्षमता, एलिमेंटची शक्ती, दिव्यांची स्थिती आणि पाण्याचा स्रोत यांची नोंद करून ठेवली, तर कारागिराचा वेळ वाचतो आणि अनावश्यक भाग बदलले जात नाहीत. हमीपत्रही काढून पाहावे. टाकी, एलिमेंट आणि संपूर्ण उपकरण यांच्या हमीच्या मुदती बहुधा निरनिराळ्या असतात. हमीच्या काळात अनधिकृत व्यक्तीने आवरण उघडल्यास हमी नाकारली जाऊ शकते.

नवा भाग मूळ भागाच्याच शक्तीचा असावा. दोन किलोवॅटच्या जागी तीन किलोवॅटचे एलिमेंट बसवल्यास पाणी लवकर तापते, परंतु प्रवाह ८.७ अँपिअरवरून १३ अँपिअरवर जातो; जुनी तार आणि सॉकेट तो सोसतीलच असे नाही. बेंगळुरूच्या एस. पी. रोडवरील बाजारपेठेत किंवा जयनगरच्या चौथ्या ब्लॉकमधील दुकानांत सुटे भाग घेताना आयएसआय चिन्ह पाहावे आणि पावती अवश्य घ्यावी. टाकीच्या गीझरसाठी आयएस २०८२ आणि इन्स्टंट गीझरसाठी आयएस ८९७८ हे मानक आहे. चिन्हासोबतचा परवाना क्रमांक खरा आहे की नाही, हे भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अॅपवर पडताळता येते. विक्रेता किंवा सेवा केंद्र दाद देत नसल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.

काम संपल्यावर कारागीर निघण्यापूर्वी चार गोष्टी त्याच्याकडून वदवून आणि शक्यतो पावतीवर लिहून घ्याव्यात : कोणता भाग का बदलला, थर्मोस्टॅट आणि कटआउट दोन्ही परिपथात आहेत का, एलिमेंटच्या आवरणाशी गळती तपासली का, आणि अर्थिंग मोजले का. त्यानंतर टाकी भरून गीझर सुरू करावा आणि ठरलेल्या तापमानाला तो आपोआप बंद होतो, हे कारागिराच्या उपस्थितीतच पाहून घ्यावे. २५ लिटरच्या गीझरला त्यासाठी अर्धा-पाऊण तास थांबावे लागते. तेवढा वेळ आधीच ठरवून ठेवावा. आपोआप बंद न होणारा गीझर दुरुस्त झाला असे समजू नये आणि तसा तो ताब्यातही घेऊ नये.